प्रस्तावना : जाग आली म्हणून आठवलेलं

स्वप्नाविषयी माणूस जे काही बोलतो, ते जागेपणी बोलतो. ही गोष्ट इतकी उघड आहे की तिचा कुणी विचारच करत नाही. स्वप्नांचे अर्थ सांगणारी पुस्तकं हवी तेवढी मिळतात. साप दिसला तर काय, दात पडला तर काय, गेलेलं माणूस पंगतीत येऊन बसलं तर काय, याची उत्तरं पंचांगापासून मोबाइलपर्यंत तयार असतात. पण रात्रभरात पडलेल्या स्वप्नांतून नेमकं हेच स्वप्न सकाळपर्यंत कसं पोचलं आणि बाकीची कुठे गेली, याची चौकशी तिथे नसते. या पुस्तकात तीच चौकशी केली आहे.

आपण सगळे सहसा सांगतो ते असं : स्वप्न फार जिवंत होतं, म्हणून मी दचकून उठलो, आणि म्हणून ते अजून डोळ्यांसमोर आहे. आधी स्वप्न, मग जाग, मग आठवण. गेल्या सत्तर वर्षांत झोपेच्या प्रयोगशाळांनी जे पाहिलं, त्यावरून हा क्रम पुष्कळदा उलटा लावावा लागतो. जाग बहुतेक वेळा झोपेच्या आपल्या चालीनं येते. त्या क्षणी जे स्वप्न चालू असतं, ते हाती लागतं. आणि हाती लागलेलं स्वप्न ताजं असल्यामुळे ते आपल्याला इतकं जिवंत वाटतं. स्वप्नानं माणसाला खरोखर उठवलं असंही घडतं, त्याबद्दल पुढे सांगेनच. पण रोजच्या रात्री आठवण ही मुख्यतः जागेची करणी असते, हे या पुस्तकाचं म्हणणं आहे.

जुन्या लोकांना याची चाहूल नव्हती असं नाही. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण स्वप्नात काय येतं ते सांगते. पहाटेचं स्वप्न खरं होतं हा समज मात्र वेळेबद्दल बोलतो, आणि म्हणून तो अधिक विचार करायला लावतो. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत : पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं, कल्पिलेलं, पुढचं सुचवणारं आणि दोषांतून उपजलेलं. त्यातले पहिले पाच निष्फळ, असा निर्वाळाही तिथेच आहे. त्याच अध्यायात आणखी तीन गोष्टी येतात. स्वप्नं पाहणारा माणूस फार गाढ झोपलेला नसतो. रात्रीच्या पहिल्या भागातलं स्वप्न थोडं फळ देतं. आणि जे पाहिल्यावर माणूस पुन्हा झोपत नाही, ते मोठं फळ देतं. फळाची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवा. हलकी झोप, उतरती रात्र आणि उठल्यावर पुन्हा डोळा न लागणं : स्वप्न लक्षात राहायला याच तीन गोष्टींची मदत होते, असं आजच्या संशोधनातूनही दिसतं. चांगलं स्वप्न पडलं की परत झोपू नये, हा घरोघरचा सल्लाही याच निरीक्षणातून निघाला असावा.

स्वप्नाची आठवण कशी विरळ होत जाते, याचा एक नमुना आपल्याकडे सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तुकाराम महाराजांना बाबाजी चैतन्यांकडून उपदेश मिळाला तो स्वप्नात. त्या अभंगात गंगास्नानाची वाट आहे, मस्तकावर ठेवलेला हात आहे, गुरूचं नाव आहे, मंत्र आहे, माघ शुद्ध दशमीचा गुरुवारही आहे. गुरूंनी भोजनासाठी पावशेर तूप मागितलं आणि स्वप्नातच त्याचा विसर पडला, एवढा बारीक तपशीलही आहे. श्रद्धेच्या अंगानं या अभंगाचा अर्थ लावणारे पुष्कळ आहेत आणि तो त्यांचा अधिकार. माझं लक्ष जातं ते त्या तुपाकडे. काही गोष्टी लख्ख, आणि मध्येच एक निसटलेली : स्वप्न मनापासून सांगणारा कुठलाही माणूस असंच सांगतो.

युरोपात या प्रश्नाला वळण दिलं ते एका फ्रेंच विद्वानाच्या स्वप्नानं. आल्फ्रेड मोरी आजारी पडून अंथरुणात होता. स्वप्नात तो फ्रेंच राज्यक्रांतीच्या रक्तपातात सापडला, न्यायासनासमोर उभा राहिला, शिक्षा झाली, गाडीतून वधस्तंभाकडे गेला आणि गिलोटीनचं पातं मानेवर पडताच जागा झाला. पाहतो तर पलंगाच्या डोक्याकडची दांडी निसटून मानेवर पडली होती. १८६१ सालच्या आपल्या ग्रंथात त्यानं हे स्वप्न नोंदवलं, आणि पुढे कितीतरी वर्षं वाद चालला : एवढी लांबलचक कथा मानेवर दांडी पडल्यापासून जाग येईपर्यंतच्या निमिषात रचली गेली काय? तसं असेल, तर स्वप्न झोपेत नाहीच, ते उठण्याच्या क्षणात आहे.

शंका वाजवी होती. तिचा निकाल वादानं लागणार नव्हता, मोजमापानंच लागणार होता. वेलस्ली कॉलेजातल्या मेरी कॅल्किन्स यांनी १८९३ साली असं पहिलं मोठं मोजमाप छापलं. रात्रीच्या वेगवेगळ्या वेळी गजरानं उठायचं आणि जे आठवेल ते तिथल्या तिथे लिहायचं, एवढीच रीत. नोंदींतून एक गोष्ट स्पष्ट झाली : ठसठशीत स्वप्नं पहाटेकडे दाटीनं येतात. का येतात, हे मात्र कळायला आणखी ६० वर्षं जावी लागली.

ती गोष्ट शिकागो विद्यापीठातली. नथॅनियल क्लाइटमन यांच्या प्रयोगशाळेत युजीन असेरिन्स्की नावाचा विद्यार्थी झोपलेल्या माणसांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपत होता. सुरुवातीचे प्रयोग त्यानं आपल्या आठ वर्षांच्या मुलावर केले. जुन्या यंत्रातून सरकणाऱ्या कागदावर मध्यरात्री अचानक रेघा उसळू लागल्या. पोरगं जागं झालं असणार असं वाटून तो आत गेला, तर पोरगं ढाराढूर. पापण्यांखाली डोळे मात्र जोरात फिरत होते. १९५३ साली दोघांनी ‘सायन्स’ नियतकालिकात हे प्रसिद्ध केलं. डोळे फिरत असताना माणसांना २७ वेळा उठवलं, त्यांपैकी २० वेळा त्यांनी सविस्तर स्वप्न सांगितलं. डोळे स्थिर असताना २३ वेळा उठवलं, त्यांपैकी १९ वेळा काहीच आठवलं नाही. या झोपेला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘रेम’ झोप हे नाव रूढ झालं. मराठीत तेच नाव रुळलं आहे, म्हणून इथेही तेच वापरलं आहे.

पुढे विल्यम डिमेंट आणि क्लाइटमन यांनी १९५७ साली मोरीच्या कोड्याला हात घातला. पलंगाशेजारी दारावरची साधी घंटा बसवली. रेम झोप सुरू झाल्यावर कधी ५ मिनिटांनी, कधी १५ मिनिटांनी घंटा वाजवून माणसाला उठवायचं आणि स्वप्न किती वेळ चाललं होतं ते विचारायचं. १११ वेळांपैकी ९२ वेळा उत्तर बरोबर आलं. म्हणजे स्वप्न निमिषात रचलं जात नाही, त्याला वेळ लागतो आणि तो जवळपास खऱ्या घड्याळाचा असतो. पण आपल्या विषयासाठी याच प्रयोगातला दुसरा भाग अधिक मोलाचा आहे. रेम झोपेतून थेट उठवलं तर सुमारे ८० टक्के वेळा स्वप्न आठवलं. रेम संपून ८ मिनिटं उलटली की हे प्रमाण ५ टक्क्यांवर घसरलं. माणूस तोच, रात्र तीच. स्वप्न पडलंही होतं, पण जाग चुकली.

असं का व्हावं? मेंदूत नव्या अनुभवाची पक्की आठवण बनण्यासाठी काही रसायनांची साथ लागते. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन त्यांतलं महत्त्वाचं. जागेपणी ते पुरवणाऱ्या मेंदूच्या बुंध्यातल्या पेशी रेम झोपेत जवळजवळ गप्प असतात. सेरोटोनिनचीही तीच गत. असिटिलकोलिन मात्र भरपूर असतं, म्हणून चित्रं उमटतात, भावना उसळतात, पण त्यांची नोंद करणारा कारकून गैरहजर असतो. पुढच्या मेंदूचा, म्हणजे ताळमेळ लावून प्रश्न विचारणाऱ्या भागाचा, कारभारही मंदावलेला असतो. त्यात जपानमधल्या नागोया इथल्या संशोधकांनी २०१९ साली उंदरांत दाखवलं की रेम झोपेत सक्रिय होणाऱ्या काही पेशी आठवणींच्या केंद्राला उलट विसरायला लावतात. उंदराचं माणसाला जसंच्या तसं लागू करता येत नाही. तरीही विसरणं हा झोपेच्या कामाचाच भाग असावा, या शक्यतेला त्यामुळे बळ मिळतं.

१९७६ साली डेव्हिड कूलॅक आणि डॉनल्ड गुडइनफ यांनी यावरून एक साधी मांडणी केली. स्वप्न मनाच्या तात्पुरत्या जागेत असतं. तिथून ते टिकाऊ आठवणीत जायचं तर जागेपणाचा एक तुकडा हवा, तो मिळाला नाही तर ते तिथेच विरून जातं. या मांडणीला सर्वांत बोलका आधार मिळाला फ्रान्समधल्या ल्यों शहरात. पेरीन रुबी यांच्या गटानं २०१३ साली दोन प्रकारच्या माणसांना प्रयोगशाळेत झोपवलं : आठवड्यातल्या साधारण ५ सकाळी स्वप्न आठवणारी आणि महिन्यातून जेमतेम २ वेळा आठवणारी. पहिल्या गटातली माणसं रात्रीतून एकंदर ३० मिनिटं जागी होती, दुसऱ्या गटातली १५ मिनिटं. झोपेत कानावर पडलेल्या नावाला पहिल्यांचा मेंदू अधिक प्रतिसाद देत होता. ज्यांना पुष्कळ स्वप्नं आठवतात त्यांना ती पुष्कळ पडतात असं नव्हे, त्यांची झोप पुष्कळदा चाळवते. अर्थात अर्धा तास आणि पाव तास यांतच सगळं रहस्य संपत नाही. रोममधल्या एका गटाला २०११ साली दिसलं की रेममधून उठण्यापूर्वी मेंदूच्या पुढच्या भागात एका ठरावीक संथ लयीच्या लहरी अधिक असतील तर स्वप्न आठवण्याची शक्यता वाढते. जागेपणी एखादी गोष्ट लक्षात ठेवताना दिसतात, त्याच या लहरी.

मग मुळात रेम झोपेतून जाग का येते? याची कारणं एकापेक्षा अधिक आहेत आणि पुस्तकाचा मोठा भाग त्यांनीच व्यापला आहे. रात्रीची झोप साधारण ९०-९० मिनिटांच्या फेऱ्यांत चालते. सुरुवातीच्या फेऱ्यांत गाढ झोप जास्त आणि रेम थोडी. पहिली रेम जेमतेम १० मिनिटांची असते, पहाटेकडच्या मात्र अर्ध्या तासाच्या किंवा त्याहून लांब. तोवर झोपेची मुख्य भूक भागलेली असते. शरीराचं तापमान वर सरकू लागतं, कॉर्टिसॉल वाढू लागतं. ज्या वेळी स्वप्नं सर्वांत लांब आणि दाट असतात, त्याच वेळी झोप सर्वांत पातळ असते. साखरझोप नाव आपण तिला दिलं, पण ती दोन बाजूंनी ओढली जाणारी झोप आहे. पहाटेची स्वप्नं खरी होतात की नाही ते बाजूला राहू द्या. ती आठवतात, हे मात्र नक्की.

रेमची फेरी संपताना क्षणभर जाग येणं हेही नित्याचं आहे. कूस बदलली, पांघरूण ओढलं, पुन्हा झोप. या जागा इतक्या छोट्या असतात की त्यांचीच आठवण राहत नाही, मग स्वप्नाची कुठून राहणार? फ्रेडरिक स्नायडर यांनी १९६६ साली असं सुचवलं की जंगलातल्या प्राण्याला या छोट्या जागांचा उपयोग पहाऱ्यासारखा होत असावा. मेंदू आधीच तापलेला, उठलं की चटकन भान येतं, आजूबाजूला धोका नाही ना ते पाहून पुन्हा झोपायचं. गाढ झोपेतून उठवलेला माणूस काही मिनिटं भांबावलेला राहतो, रेममधून उठलेला त्या मानानं लवकर सावरतो, एवढं तर खरंच आहे.

याखेरीज शरीराची आपली कारणं असतात. रेम झोपेत तापमान सांभाळण्याची व्यवस्था ढिली पडते, म्हणून मे महिन्यातल्या उकाड्यात पंखा बंद पडला की तिथूनच जाग येण्याचा संभव अधिक. स्नायू सैल पडलेले असल्यामुळे घोरणाऱ्या माणसाचा श्वास याच झोपेत जास्त अडतो. भरलेलं मूत्राशय, डास, गल्लीतलं कुत्रं, पहाटेची भजनाची कॅसेट, कशानंही झोप मोडू शकते. बाहेरचं कारण पुष्कळदा स्वप्नातच शिरतं. डिमेंट आणि वोल्पर्ट यांनी १९५८ साली झोपलेल्यांच्या अंगावर पाणी शिंपडलं, तर बऱ्याच जणांच्या स्वप्नात पाऊस किंवा गळतं छप्पर आलं. उठल्यावर आपण म्हणतो, पावसाच्या स्वप्नानं उठवलं.

आता दुसरी बाजू. स्वप्न स्वतःच माणसाला उठवू शकतं, आणि भीतिदायक स्वप्न ते करतं. रेम झोपेत भावनांशी निगडित अमिग्डाला हा भाग जोरात काम करतो, हे बेल्जियममधल्या लिएज इथे १९९६ साली मेंदूच्या चित्रणातून दिसलं. छातीची धडधड आणि श्वास अनियमित होतात. भीती एका मर्यादेपलीकडे गेली की झोप तुटते, माणूस घामानं भिजून उठून बसतो आणि ते स्वप्न वर्षानुवर्षं विसरत नाही. इथे आधी स्वप्न, मग जाग हा क्रम खरा आहे. पण याच्या शेजारी लहान मुलांचं झोपेतलं किंचाळणं ठेवून पाहावं. रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात, गाढ झोपेतून मूल किंकाळी फोडून उठतं, डोळे उघडे, घाम, थरथर. आई जवळ घेते तरी ते तिला ओळखत नाही. थोड्या वेळानं पुन्हा झोपतं आणि सकाळी त्याला यातलं काही ठाऊक नसतं. घरातली मोठी माणसं मात्र रात्रभर जागी. भीती प्रचंड होती, पण जाग पुरी नव्हती, म्हणून आठवण नाही. नुसत्या भावनेच्या जोरावर स्वप्न लक्षात राहत नाही, भान यावं लागतं, हे यावरून स्पष्ट होतं.

‘मला स्वप्नं पडतच नाहीत’ असं सांगणारी माणसं प्रत्येक कुटुंबात असतात. गुडइनफ यांनी १९५९ साली अशांना रेम झोपेतून उठवलं, तर त्यांनीही स्वप्नं सांगितली, इतरांपेक्षा कमी, पण सांगितली. त्याहून ठोस पुरावा पॅरिसमधून २०१५ साली आला. रेम झोपेत एरवी हातपाय निश्चल राहतात. एका विकारात हा लगाम सुटतो आणि माणूस झोपेत लढतो, ओरडतो, कुणाला तरी दटावतो. अशा रुग्णांत काही जण आयुष्यभर स्वप्न आठवत नाही असं सांगणारे होते. झोपेत ते इतरांसारखेच लढत होते, बोलत होते, आणि सकाळी पाटी कोरी. बाहेरून पाहणाऱ्याला स्वप्न दिसत होतं, ज्याला पडलं त्याला मात्र त्याचा पत्ता नव्हता.

या सगळ्याचा परिणाम स्वप्नांवरच्या आपल्या मतांवर व्हायला हवा. फ्रॉइड यांचा ग्रंथ १९०० सालचा, म्हणजे रेम झोप सापडण्याच्या अर्धशतक आधीचा. त्यांच्यासमोर आली ती स्वप्नं जाग आलेल्यांची, आणि बहुधा अस्वस्थ झोपेतली. स्वप्नं विचित्र असतात, भीतीची असतात, खोल अर्थाची असतात, ही आपली मतंही त्याच तुटपुंज्या नमुन्यावर उभी आहेत. खंडाळ्याच्या घाटात बोगद्यांच्या मध्ये दिसतात तेवढ्या दऱ्यांवरून सह्याद्रीचं वर्णन करावं, तसं हे आहे. प्रयोगशाळेत कुठल्याही क्षणी उठवलेली माणसं जी स्वप्नं सांगतात, त्यांत घरातली, कामातली, साधीसुधी पुष्कळ असतात. ती सकाळपर्यंत टिकत नाहीत, म्हणून त्यांच्यावर कुणी ग्रंथ लिहीत नाही. याचा अर्थ आठवलेल्या स्वप्नाला किंमत नाही असा मुळीच नाही. आठवलेल्यांतही मनाला भिडणारं अधिक काळ टिकतं, आणि ते का भिडलं हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. फक्त तो विचारताना पहिला प्रश्न ‘याचा अर्थ काय’ हा नसावा. आधी विचारावं : मी उठलो कशानं?

हाच प्रश्न व्यवहारातही उपयोगी पडतो. एकाएकी रोज रात्री लख्ख स्वप्नं आठवू लागली, तर मन अशांत आहे एवढंच कारण असेल असं नाही. झोप तुटते आहे, ही शक्यता आधी तपासावी. दारू रात्रीच्या पूर्वार्धात रेम दाबते आणि उत्तरार्धात झोप मोडते. नैराश्यावरची कित्येक औषधं रेम कमी करतात, ती एकदम थांबवली तर दाबलेली रेम उसळून येते. म्हणून ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. घोरणं आणि गुदमरून उठणं सोबत असेल तर श्वासाची तपासणी हवी. आणि पन्नाशीनंतर कुणी झोपेत लाथा झाडू लागलं, शेजारच्याला मार बसू लागला, तर हसण्यावारी नेऊ नये. वर सांगितलेला तो विकार अनेकांमध्ये पुढे येणाऱ्या पार्किन्सनसारख्या आजाराची आगाऊ सूचना असतो. उलट ज्यांना स्वप्नं हवी आहेत, त्यांच्यासाठी उपाय सोपा आहे : जाग आली की हलू नये, डोळे मिटलेलेच ठेवावेत, मोबाइल हातात घेऊ नये, आणि शेवटच्या चित्रापासून मागे मागे जावं.

पुस्तकाची रचना याच क्रमानं केली आहे. पहिल्या भागात झोपेची चाल, दुसऱ्यात जागेची कारणं, तिसऱ्यात आठवण कशी बनते आणि का विरते, चौथ्यात वाईट स्वप्नं आणि झोपेचे विकार. स्वप्नांचा अर्थ सांगणारा भाग मुद्दाम घातलेला नाही. शास्त्राची पदवी नसलेल्या, पण मुद्दा तपासून घेण्याची सवय असलेल्या वाचकासाठी हे लिहिलं आहे. पारिभाषिक शब्द शक्य तिथे टाळले, टाळता आले नाहीत तिथे एकदा समजावून पुढे वापरले. आठवलेल्या स्वप्नाला वाचक शकुन मानोत, मनाचा आरसा मानोत की निव्वळ करमणूक, त्याला माझी हरकत नाही. मात्र ज्या जागेनं ते हाती दिलं, तिची दखल आधी घ्यावी, आणि रात्री नीट झोपून ज्याला काहीच आठवत नाही त्याला बिचारा समजू नये. त्याची स्वप्नं पडली आणि त्याची झोपही झाली.